किल्ल्याला पूल नको, धड धक्का हवा

नाताळच्या सुट्टीत किंवा मे महिन्यात मालवणच्या बंदर जेटीवर उशिरा पोचलेल्या माणसाला उन्हात रांग लावावी लागते. किल्ला तर समोरच असतो, पाण्यात अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर. होडीने जायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात; ताटकळण्यात त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. मग रांगेतला कोणीतरी बोलतोच : एवढंसं तर अंतर, एक पूल बांधायला काय हरकत आहे? दुसरा म्हणतो, पूल नको, रोपवे टाका, वरून समुद्रही दिसेल. पर्यटनविकासाचा विषय निघाला की ही मागणी पुन्हा डोके वर काढते आणि तिच्या समर्थनाला ठरलेली कारणे येतात. होडी धोक्याची, पावसाळ्यात किल्ला बंद, म्हाताऱ्या माणसांना चढउतार झेपत नाही, आणि बेट द्वारकेला पूल होतो तर सिंधुदुर्गाला का नाही?

असे बोलणारी माणसे किल्ल्याची वैरी नाहीत. लांबून, पदरमोड करून, मुलाबाळांना महाराजांचा जलदुर्ग दाखवायला ती आलेली असतात. त्यांच्या बहुतेक तक्रारी खऱ्या आहेत. उपाय मात्र चुकीचा आहे, आणि एकदा अमलात आला की मागे घेता न येणारा आहे. म्हणून त्याला वेळीच आणि सविस्तर उत्तर द्यायला हवे.

सुरुवात बेट द्वारकेपासून करू, कारण तो दाखला सर्वांत जोरकस आहे. ओखा आणि बेट द्वारका यांना जोडणाऱ्या सुदर्शन सेतूचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. लांबी २.३२ किलोमीटर, खर्च सुमारे ९८० कोटी रुपये. पण बेट द्वारका हे वस्तीचे बेट आहे. तिथे गाव आहे, बाजार आहे, वर्षभर येणाऱ्या भाविकांची रीघ आहे. पुलामुळे त्या गावातल्या आजाऱ्याला रात्री-अपरात्री इस्पितळ गाठता येते. सिंधुदुर्गाचे कुरटे बेट सगळे मिळून ४८ एकरांचे, आणि ते जवळजवळ पूर्णपणे किल्ल्याने व्यापलेले. तटाबाहेर पुलाचे टोक टेकवायला, गाड्या वळवायला, माणसे उतरवायला जागाच नाही. म्हणजे पूल किंवा रोपवे जो काही येईल तो तटाला खेटून येईल, नाहीतर तटावरून आत येईल. गावाला रस्ता देणे आणि किल्ल्याच्या भिंतीत रस्ता घुसवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

दाखलाच हवा असेल तर कन्याकुमारीचा घ्यावा. विवेकानंद शिला स्मारक आणि तिरुवळ्ळुवरांचा पुतळा ज्या खडकांवर उभे आहेत, ते एकमेकांना जोडणारा ७७ मीटर लांबीचा काचेचा पूल ३० डिसेंबर २०२४ रोजी खुला झाला. खडकापासून खडकापर्यंत पूल झाला; किनाऱ्यापासून खडकापर्यंत मात्र माणूस आजही बोटीनेच जातो आणि ही बोटसेवा तमिळनाडू सरकारचे पूंपुहार शिपिंग कॉर्पोरेशन चालवते. देशातल्या अत्यंत गजबजलेल्या पर्यटनस्थळांपैकी एकाने, हाताशी पैसा आणि अभियंते असताना, किनाऱ्यालगतचा तेवढा पाण्याचा पट्टा बोटीकडेच ठेवला आहे.

आता किल्ल्याकडे येऊ. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन होऊन सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. पुढची सुमारे तीन वर्षे हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली ते चालले. जागा का निवडली, हे ओहोटीच्या वेळी होडीत बसलेल्या कुणालाही कळते. मालवणची खाडी पाण्याखालच्या खडपांनी भरलेली आहे. परक्या जहाजाला सरळ आत शिरता येत नाही; वाट माहीत असलेला तांडेलच होडी वळणावळणाने नेतो. शेजारी पद्मगड, किनाऱ्यावर राजकोट, उत्तरेला सर्जेकोट असा सगळा बंदोबस्त. आणि किल्ल्याचा दरवाजा तटाच्या दोन वळणांमध्ये असा दडवलेला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. पायात शिसे ओतल्याचे सांगतात. पण या किल्ल्याचे खरे संरक्षण ते शिसे नव्हते, सभोवतालचे पाणी होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले, तेही आरमार आणूनच. पुढे तो त्यांना करवीरकरांकडे परत द्यावा लागला.

होडीने जाणाऱ्या पर्यटकाला हे सारे न सांगता दिसते. पुलावरून चालत येणाऱ्याला त्यातले काही दिसणार नाही. रोपवेतून येणारा तर तट ओलांडून आतच उतरेल. दडवलेला दरवाजा त्याला बाहेर पडताना, पाठीमागून पाहायला मिळेल. जलदुर्ग पाहायला आलेल्या माणसाला पाणी टाळून आत नेणे म्हणजे त्याने ज्यासाठी एवढा प्रवास केला, तेच त्याच्याकडून काढून घेणे आहे. यावर काही जण म्हणतात की ही भावनेची भाषा झाली. ठीक, मग कायद्याची भाषा पाहू.

सिंधुदुर्ग हे केंद्र सरकारने संरक्षित केलेले स्मारक आहे आणि त्याची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत नियंत्रित आहे. ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांत विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी यांच्याबरोबर सिंधुदुर्ग आहे. त्या दिवशी मराठी माणसाने आनंद केला, आणि तो रास्तच होता. पण यादीत येणे हा करार आहे. किल्ल्याचे दगडच तेवढे जपायचे नसतात, तो ज्या परिसरात उभा आहे तोही जपायचा असतो.

हा करार मोडला तर काय होते, याचे उदाहरण जर्मनीतल्या ड्रेस्डेनने घालून दिले आहे. एल्ब नदीचे तिथले खोरे २००४ साली जागतिक वारसा यादीत आले. त्याच खोऱ्यातून चौपदरी पूल न्यायचे ठरले. २००५ च्या सार्वमतात शहरातल्या बहुसंख्य मतदारांनी पुलाच्या बाजूने कौल दिला होता, तेव्हा पूल लोकांवर लादला गेला असे म्हणता येणार नाही. युनेस्कोने वारंवार बजावले, काम थांबले नाही, आणि २००९ मध्ये ड्रेस्डेनचे नाव यादीतून काढले गेले. पूल २०१३ मध्ये सुरू झाला. वाहनांची सोय झाली. गेलेला दर्जा परत आला नाही. ड्रेस्डेनला निदान रोज नदी ओलांडणाऱ्या शहराची गरज होती. मालवणला ती सबबही नाही.

पाण्याखाली याहून जास्त गमावण्यासारखे आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरांहून थोडे जास्त, आणि त्यातला सुमारे ३.२ चौरस किलोमीटरांचा गाभा सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांच्याभोवतीचा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळ मोजक्याच ठिकाणी आहे आणि ते इथे आहे. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मालवणची नोंद अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांत केली आहे. अभयारण्याच्या निर्बंधांविषयी स्थानिक मच्छीमारांच्या मनात सुरुवातीपासून राग आहे, आणि त्यातला बराचसा समजण्यासारखा आहे. ज्यांच्या बापजाद्यांनी या पाण्यावर पोट भरले त्यांना विचारात न घेता नकाशावर रेघ ओढली गेली, अशी त्यांची भावना आहे. पण त्याच पाण्यात मच्छीमाराला जाळे टाकताना नियम दाखवायचे आणि ठेकेदाराला खांब ठोकायला वाट मोकळी करायची, हे कोणत्या न्यायात बसते?

पुलाचे खांब पाण्यात उभे राहिले की प्रवाह बदलतो, आणि प्रवाह बदलला की वाळू बदलते. फ्रान्समधल्या माँ सें-मिशेलला हे शंभराहून अधिक वर्षे भोगावे लागले. भरतीच्या पाण्याने वेढल्या जाणाऱ्या त्या मठाच्या टेकडीपर्यंत १८७९ साली भराव घालून रस्ता बांधला. सोय झाली. हळूहळू भरावाच्या आधाराने गाळ साचत गेला आणि बेट बेट राहील की नाही, अशी वेळ आली. शेवटी फ्रान्सने प्रचंड खर्च करून तो भराव उखडला, पाणी खालून वाहील असा खांबांवरचा हलका पूल २०१४ मध्ये सुरू केला आणि मोटारतळ अडीच किलोमीटर मागे, मुख्य भूमीवर हलवला. पुलाचे समर्थक म्हणतील की अखेर तिथेही पूलच झाला. झाला, पण आधी केलेली चूक निस्तरण्यासाठी झाला. मालवणात तशी चूक अजून झालेली नाही. आणि इथली वाळू किती चंचल आहे, हे दक्षिणेला राहणाऱ्या देवबागकरांना विचारावे. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या पट्टीवर दर पावसाळ्यात लाटा घरांच्या अंगणापर्यंत येतात.

सुरक्षिततेचा मुद्दा गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेणारा माणूस मालवणचा हितचिंतक नव्हे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक बुडाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट धडकली; एकूण पंधरा जण दगावले. या दोन्ही घटना होडीवर ठपका ठेवण्यासाठी सांगितल्या जातात. त्या नीट पाहिल्या तर दुसरेच काही सांगतात. तारकर्लीची बोट किल्ल्याच्या वाटेवर नव्हती. पूल असता तरी ती त्या दिवशी समुद्रात गेलीच असती, कारण स्कूबा पुलावरून करत नाहीत. मुंबईत प्रवासी वाहतुकीच्या पाण्यात भरधाव चाचणी चालली होती. दोन्हींतून निघणारा धडा एकच : जीवरक्षक जाकीट प्रत्येकाच्या अंगावर हवे, ठरल्यापेक्षा एक माणूस जास्त चढता कामा नये, आणि हवा बिघडली तर होडी सुटता कामा नये. हे तिन्ही उद्या सकाळपासून करता येते, त्याला निविदा लागत नाही.

शिवाय पूल आणि रोपवे सुरक्षितच असतात, हे कुणी ठरवले? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या गाड्या गेल्या. कोकणातला माणूस ती रात्र विसरलेला नाही. मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सुट्टीच्या गर्दीत तुटला, शंभरावर माणसे गेली. १५ जून २०२५ रोजी मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळला. देवघरच्या त्रिकूट पर्वतावर एप्रिल २०२२ मध्ये रोपवेचे पाळणे एकमेकांवर आदळले आणि माणसे रात्रभर हवेत लटकून राहिली. देखभालीत हयगय झाली की लोखंडही माणसे मारते, आणि खाऱ्या हवेत लोखंडाला देखभाल जास्त लागते, कमी नाही.

याचा पुरावा मालवणकरांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी राजकोटावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो पुतळा कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. त्याच किनाऱ्यावर, त्याच वाऱ्यात, महाराजांनी बांधलेला तट साडेतीनशेहून अधिक वर्षे लाटा खात उभा आहे. घाईने, मुहूर्त गाठण्यासाठी केलेल्या बांधकामाचे हा समुद्र काय करतो हे इतके ताजे असताना, त्याच ठिकाणी नवे मोठे बांधकाम सुचवणाऱ्यांनी आधी या घटनेचे उत्तर द्यावे.

पावसाळ्यात किल्ला बंद राहतो, ही तक्रार मात्र मुळातच चुकीच्या पायावर उभी आहे. मे महिना संपता संपता होडीवाहतूक थांबते आणि ऑगस्ट सरल्यावर सुरू होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते. नारळी पौर्णिमेला बंदरात दर्याला नारळ दिला जातो, त्यानंतर मग समुद्र पुन्हा आपला. कोकणाने हे शहाणपण फुकट मिळवलेले नाही. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावस्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. जुलैतल्या वादळी वाऱ्यात समुद्रावरचा रोपवे चालणार नाही. तो पहिल्यांदा बंद ठेवावा लागेल. पुलावर लाटांचे तुषार उडत असताना हजारो सुट्टीकरांना सोडणे हा नवाच धोका होईल. आणि पुलावरून जाऊन पाहायचे काय? शेवाळलेल्या फांजीवर, कठडा नसलेल्या तटावर, पावसात फिरण्यासारखे तिथे काही नसते. दगड, झाडोरा, पाण्याखालचे प्रवाळ आणि किल्ल्यातली माणसे यांना वर्षातले तीन महिने उसंत मिळते, ती मिळू द्यावी.

उरतो म्हाताऱ्या आणि अपंग माणसांचा मुद्दा. इथे पुलाच्या समर्थकांना पूर्ण मान दिला पाहिजे. गुडघे दुखणाऱ्या आजीला हेलकावणाऱ्या होडीत पाय टाकताना भीती वाटते, दोघा खलाशांनी धरून तिला उतरवावे लागते, आणि चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला तर बहुतेक वेळा जेटीवरूनच किल्ला पाहून परतावे लागते. जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून दरवाजाच्या पायऱ्यांवर उतरताना याहून वाईट धांदल उडते. हे लाजिरवाणे आहे. पण यात दोष होडीचा नाही, धक्क्याचा आहे. मालवणच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरांच्या आसपास जातो. धक्का जागचा हलत नाही आणि होडी पाण्याबरोबर वर-खाली होते, म्हणून पायरी कधी गुडघ्याएवढी तर कधी कमरेएवढी होते.

यावरचा उपाय केरळाने करून दाखवला आहे. कोचीची वॉटर मेट्रो २५ एप्रिल २०२३ रोजी सुरू झाली. तिचे धक्के तरंगते आहेत, पाण्याबरोबर चढतात-उतरतात, त्यामुळे बोटीचा डेक आणि धक्का कायम एका पातळीत राहतात आणि चाकांची खुर्ची सरळ आत जाते. किती माणसे चढली हे दारावरच मोजले जाते. बोटी कोचीन शिपयार्डने बांधल्या, विजेवर चालणाऱ्या. त्याआधी, २०१७ पासून, वैक्कम-तवणक्कडवू मार्गावर ‘आदित्य’ ही ७५ आसनांची सौर बोट धावते आहे. होडी म्हणजे मागासलेपण, हा समज या दोन सेवांनी खोटा ठरवला. कोचीचे पाणी बॅकवॉटरचे, शांत. मालवणचे उघड्या समुद्राचे, हा फरक लहान नाही. इथे तरंगता धक्का आडोशाच्या बाजूला बसवावा लागेल, मे अखेरीस काढून ठेवावा लागेल, किल्ल्याच्या बाजूला पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने, तटाला न जोडता तरंगता ठेवावा लागेल. अभियांत्रिकी अवघड आहे, पण ९८० कोटींची नाही.

रांगेचेही तसेच. होड्या पुरेशा आहेत. सगळे पर्यटक सकाळी अकरा ते दुपारी दोनमध्येच येतात, ही अडचण आहे. आधी वेळ ठरवून तिकीट देण्याची सोय झाली तर माणूस तेवढा वेळ बाजारपेठेत किंवा रॉक गार्डनला घालवील. आज साधारण तासाभरात त्याच होडीने परतावे लागते. तेवढ्या वेळात श्री शिवराजेश्वराचे मंदिर, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव बघून माणूस धावतपळत परततो आणि तटाचा फेरा राहूनच जातो. परतीची होडी कोणतीही चालेल, अशी मुभा दिली तर किल्ला निवांत पाहता येईल. पूल झाला तर नेमके उलटे होईल. आज होड्यांच्या आसनसंख्येमुळे किल्ल्यात एका वेळी किती माणसे असतील यावर आपोआप मर्यादा येते. ती मर्यादा उठली की ४८ एकरांत किती माणसे, किती प्लास्टिक आणि किती सेल्फी तटाच्या कडेवर, याचा हिशेब कोण ठेवणार?

होडीवाल्यांवर टीका करणारे म्हणतात की ही मंडळी आपला धंदा राखायला पुलाला विरोध करतात. राखणारच, आणि का राखू नये? पर्ससीन आणि एलईडी मासेमारीने ज्यांची रापण रिकामी येऊ लागली, त्या पारंपरिक मच्छीमारांच्या घरांना या होड्यांनी हात दिला. खडपे कुठे आहेत, वारा कधी फिरेल हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यांचे आहे, आणि पर्यटनाचा पैसा गावातच राहण्याचा हा सरळ मार्ग आहे. रोपवे आला तर तिकिटाचा पैसा बाहेरच्या कंपनीच्या खात्यात जाईल आणि तांडेलाच्या मुलाला फार तर फाटकावर पहाऱ्याची नोकरी मिळेल. मात्र होडीवाल्यांकडूनही काही मागावेच लागेल. जाकीट फळीखाली दडपून ठेवायचे नाही, ते घातल्याशिवाय दोर सोडायचा नाही. प्रवाळावर नांगर टाकायचा नाही. त्यासाठी बंदर खात्याने कायमच्या बोया बसवून द्याव्यात. डिझेलचे तवंग गाभाक्षेत्रात चालणार नाहीत, आणि विजेच्या होडीकडे वळायचे तर त्यांना कर्ज आणि अनुदान मिळायला हवे.

मालवणला पोचणे अवघड आहे, हे कुणीही नाकारत नाही. जवळचे रेल्वेस्थानक कुडाळ, तिथून तीसेक किलोमीटर. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून चालले आहे. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, पण मुंबईचे विमान भरवशाने रोज मिळत नाही. कुडाळ आणि कणकवलीला गाडी आली की मालवणची एसटी सुटायला हवी, रात्रीच्या गाडीलाही. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या माणसाचा दिवस जातो तो या वाटेवर. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांच्या पाण्यावर नाही. सरकारकडे पर्यटनासाठी पैसा असेल तर तो आधी तिथे खर्च व्हावा.

पुलाच्या बाजूने बोलताना ज्यांची गरज सर्वांत खरी आहे त्यांचे नाव क्वचितच निघते. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. आगोटीला ती पावसाळ्याचा शिधा भरून ठेवतात, काही जण त्या दिवसांत मालवणात येऊन राहतात. जुलैच्या रात्री एखाद्याच्या छातीत कळ आली तर होडी कशी सुटणार, हा त्यांच्यासाठी खरा प्रश्न आहे. त्यासाठी खवळलेल्या पाण्यात टिकणारी, प्रशिक्षित खलाशांची एक बचावनौका बंदरात पावसाळाभर सज्ज असावी, किल्ल्यात प्रथमोपचाराची सोय आणि बिनतारी संपर्क असावा, आणि मेअखेरपर्यंत ग्रामीण रुग्णालयाकडे या कुटुंबांतल्या वृद्धांची, गरोदर स्त्रियांची आणि आजाऱ्यांची यादी असावी. ही नौका पर्यटनाच्या हंगामात इतर होड्यांच्या मदतीलाही धावेल. तिची मागणी जिल्हा नियोजनाच्या पुढच्या आराखड्यात घालायला कोणत्याही पुलाची वाट पाहावी लागत नाही.